मनगटावरचा पट्टा

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक मावशी शेजारच्या अनोळखी पोरीशी बोलत होत्या.

“हातात हा पट्टा कायचा वं?”

“पुण्याले डीजेचा कार्यक्रम होता, मावशी. तिकीट काढून गेली होती.”

“वरात कोनाची होती?”

“वरात नाही. नुसतं ऐकाचं अन् नाचाचं.”

“संगं कोन होतं?”

“एकटीच होती.”

“एकटी कशी नाचली वं?”

“तिथं हजारो लोक नाचून राहिले होते. माह्याकडं कोन पाहते?”

“कवा झाला हा कार्यक्रम?”

“आठ दिवस झाले.”

“अन् पट्टा अजून कापला नाही?”

“ऑफिसात, रूमवर कोनीतरी इचारन म्हनून ठेवला. तुमीच पयल्या.”

“मंग सांग लवकर. माहं बडनेरा आलं.”