विन्सेंटींसाठी राखलेला पाव

—नाही हो बाई, तो नाही विकायचा. तो राखलेला आहे. हा पांढरा घ्या, खसखशीचा, सकाळीच आलाय— तो काळा विन्सेंटींचा. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की येतात, मी काउंटरखालून काढून देते. मागावा लागत नाही. त्यांची बायको होती तेव्हापासूनची पद्धत आहे ही. आमच्या गावात नेहमीच्या गिऱ्हाइकाचा पाव असाच बाजूला ठेवतात. त्या समोरच्या दुकानात मिळेल का असं? नाव तरी घ्या! वॉर्साची कंपनी, गावोगावी तेच दुकान, तीच निळी पाटी. पोस्ट बंद झालं आणि तिथं हे येऊन बसलं. दार बघा त्याचं— कुणी नुसतं समोरून गेलं तरी उघडतं. कुत्रं गेलं तरी उघडतं! लाज म्हणून नाही दाराला.

बसा, बस यायला वेळ आहे अजून. पाटी कंपनीची, पण दुकानाची मालकीण कोण माहितीये? झानेता. माझ्या दुकानात चीज कापायला शिकली ती, याच सुरीनं. आता केस काय रंगवलेत, कंपनीचं जाकीट काय घालते— मी जळत नाही हं. मला काय पडलंय? नुसतं बघते. खिडकीच त्या बाजूला आहे, त्याला मी काय करू?

विन्सेंटी जातात तिकडे, नाही असं नाही. पण ते गरम सॉसेजसाठी. बायको गेल्यावर पुरुषमाणसाला गरम कोण देणार? म्हणून तर मी पण मशीन आणलं— ते काय, खोक्यात. चालू केलं की फ्यूज उडतो मेला. पण दुरुस्त करून घेणार आहे. सॉसेज इथंच मिळालं की कशाला जातील ते तिकडे? रविवारीच तर जातात. रविवारी आमच्याकडे कायदाच आहे, नोकरांना सुट्टी, दुकान उघडायचं तर मालकानं स्वतः उभं राहायचं. म्हणून आज मी इथं, ती तिथं—

काय म्हणालात? एरवी? नाही, एरवी नाही जात. एरवी काउंटरवर कामाला ठेवलेल्या पोरी असतात ना तिच्या... सॉसेज तेच हो. मशीनही तेच. पण...

हं.

सुटली वाटतं मिस्सा. ते बघा, राखाडी टोपी! आलेच. काढते पाव— मी म्हटलं नव्हतं? सरळ इकडेच— थांबले का? टोपी का काढली? माझ्याकडे येताना कधी काढत नाहीत. तिच्या दाराच्या काचेत बघून केस सारखे करतायत, बाई. या वयात. उघडलं दार. उघडणारच.

तुम्हाला काळाच हवा होता ना? घ्या. घ्या म्हणते ना, टाका पिशवीत. राखलेला-बिखलेला काही नाही. पैसे ठेवा तिथं आणि निघा, बस चुकेल. जाताना दार तेवढं ओढून घ्या. ओढल्याशिवाय लागत नाही ते.