काठमांडूला रोख किती न्यायची

“हॅलो? …हॅलो? …हां, आता येतंय ऐकू. बोल पद्मिनी.”

अनघानं रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला आणि पायानंच बैठकीचं दार थोडं लोटलं. सकाळपासून ती या फोनची वाट बघत होती. पण ते आवाजात उतरू द्यायचं नव्हतं.

“नाही गं, घाईचं काही नव्हतं. सहजच केला होता… हो, तुझ्या सासूबाईंनीच घेतला… हो, हो, जातोय. नेपाळलाच. येत्या गुरुवारी… पण तुला कुणी सांगितलं? …अच्छा. भाऊजींनी.”

म्हणजे तिच्या नवऱ्यानं, हर्षवर्धननं, पद्मिनीच्या दिनकरला सांगून टाकलं होतं. ही एक बातमी अनघाला स्वतःच्या तोंडानं द्यायची होती, तीही समोरासमोर, पद्मिनीचा चेहरा बघत. पद्मिनीच्या गोमती नगरच्या त्या नव्या घराच्या बाल्कनीत चहा पिताना, अगदी जाता जाता, ‘अगं, सांगायचंच राहिलं’ असं म्हणून. विकास नगरातल्या भाड्याच्या घरात बसून महिनाभर तिनं ते वाक्य घोळवलं होतं.

“हो ना, तुम्ही जाऊन आलात तेव्हापासूनच यांच्या डोक्यात होतं.”

हे खोटं होतं. डोक्यात अनघाच्या होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पद्मिनी नेपाळला जाऊन आली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महाराष्ट्र मंडळात फोटोंचा अल्बमच घेऊन आली. पोखऱ्याचं तळं, तळ्यात होडी, होडीत जांभळं जॅकेट घातलेली पद्मिनी, मांडीवर कानटोपीतला तिचा अनिकेत. बायका फोटो बघत होत्या. अनघा फोटो धरणारा हात बघत होती. त्या हातात नेहमीच्या पाटल्या नव्हत्या. नुसतं एक नाजूक घड्याळ, काळ्या पट्ट्याचं. सगळ्या जणी भरल्या हातांनी तिळगूळ वाटत असताना तो मोकळा हात असा काही उठून दिसत होता, की अनघाला आपल्या पाटल्या एकदम गावठी वाटायला लागल्या.

“जॅकेट? …बघू, मिळालं तर घेईन. तू तिथेच घेतलंस ना ते? …कितीला पडलं? …आठवत नाही? बरं.”

आठवत नाही म्हणे. मागच्या उन्हाळ्यात निशातगंजला भेंडी काय भावानं घेतली ते हिला आठवतं.

“बरं, मला एक सांग. तिथे साधारण खर्च… नाही, हॉटेल धरून… हो, ज्याच्या त्याच्यावर असतं, ते कळतं गं. पण तुम्ही म्हणून किती नेले होते? …पुरतात म्हणजे? किती पुरतात? …जुई, वायर सोड. नहीं बेटा, अभी नहीं… काही नाही गं, जुई. ‘बर्फवाले जूते’ हवेत तिला. बर्फ लांबून बघायचा असतो, सांगून थकले… हो, तर तुम्ही किती…”

तिनं तीनदा विचारलं, तीन तऱ्हांनी विचारलं. पद्मिनी तीनही वेळा गुळगुळीत बोलून निसटली. सांगायचं नसतं माणसाला. आपल्यापेक्षा कुणी चार पैसे जास्त नेईल, दोन वस्तू जास्त आणेल, याची धास्ती असते. अनघाला ही धास्ती चांगली ओळखता येत होती, कारण तिच्या स्वतःच्या पोटात तीच होती.

“आम्ही? …आम्ही वीसेक हजार नेतोय.”

बोलून झाल्यावर तिनं दाराकडे बघितलं. आत हर्षवर्धनचं वर्तमानपत्र सळसळलं आणि पुन्हा शांत झालं. खरा आकडा बाराचा होता.

“छे, सगळे रोख कुठले. रोख तीन, बाकीच्याचा ड्राफ्ट. काठमांडूच्या बँकेवर… अगं, भाऊजींनीच तर सांगितलं यांना. बायकामुलांना घेऊन, खिशात नोटा कोंबून हिंडायचे दिवस गेले, कागद न्या, कागद… हो, उद्याच काढायचाय… पद्मिनी? …हॅलो? …लाइन गेली का?”

लाइन गेली नव्हती. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दार लावल्याचा आवाज आला. पद्मिनी पुन्हा बोलायला लागली तेव्हा आवाज खाली आला होता.

“दार का लावलंस? …बरं. नाही सांगणार… नाही गं, मंडळात तर नाहीच… शुक्रवारी रात्री पोचतोय. गोरखपूरपर्यंत गाडी, मग सीमेवरच्या सोनौलीहून बस. शनिवारी सकाळी हे बँकेत जाऊन… काय? …शनिवारी बंद? …अर्धा दिवस तरी असेल की… पूर्ण? रविवारी चालू आणि शनिवारी बंद? …हो का… हे यांना माहीत नाही… भाऊजींनाही नव्हतं?”

दिनकर बँकेत अधिकारी होता. मंडळाच्या सहलीचा हिशोबसुद्धा तो असा समजावून सांगायचा, की ऐकणाऱ्याला आपण चौथीत आहोत असं वाटावं. त्या दिनकरला हे माहीत नव्हतं. अनघाच्या ओठांचा एक कोपरा आपोआप वर गेला. ती आता ऐसपैस टेकून बसली.

“मग काय, हातात कागद आणि खिसा रिकामा? …अगं नाही, हसत नाहीये. सांग ना… अनिकेतला? …कधीपासून? …होडीतून आल्यावर? …पोखऱ्याहून बसमध्येच? …पाणीसुद्धा टिकेना?”

ती टेकून बसली होती ती सरळ झाली.

पद्मिनी आता न थांबता बोलत होती आणि अनघा नुसती ‘हं’ म्हणत होती. काठमांडूला पोचेपर्यंत अनिकेतचे डोळे खोल गेले होते. नर्सिंग होममध्ये त्यांनी सांगितलं, सलाइन लावू, दोन-तीन दिवस ठेवावं लागेल, आधी पैसे भरा. हातातली रोकड पोखऱ्यातच बरीचशी संपली होती. दिनकर ड्राफ्ट घेऊन धावला तर बँकेला शटर. तो तिथल्या चौकीदाराला कागद दाखवत उभा राहिला, त्याच्यावरचे शिक्के समजावून सांगत राहिला. आणि इकडे बाकावर, मांडीवर पोर घेऊन, पद्मिनी एकटी.

अनघानं न बघताच हात लांब करून जुईला जवळ ओढलं. जुईनं ‘क्या हुआ मम्मी’ विचारलं. तिनं तिच्या कपाळाला हात लावला, उगाच.

“मग? …कोण, हॉटेलची मालकीण? …तिच्याबरोबर कुठे गेलीस? …कसल्या दुकानात, पद्मिनी?”

उत्तर यायच्या आधी ते तिला कळलं होतं.

“दोन्ही पाटल्या? …दोन्ही द्याव्या लागल्या? …वजनाचे पुरते पैसे तरी दिले का मेल्यानं? …हो, तू काय घासाघीस करणार त्या वेळी… घरी काय सांगितलंस? …लॉकरमध्ये. अजून तेच? वर्ष होईल आता… आणि ते नेपाळचं ब्लँकेट? वाघाच्या चित्राचं? …इथल्या अमीनाबादचं?”

नेपाळहून काय आणलं असं लोक विचारतील, म्हणून स्टेशनवरून घरी येताना घेतलं होतं ते. त्या ब्लँकेटच्या हेव्यानं अनघाची दोन रात्री झोप उडाली होती.

“नको गं, रडू नकोस. बरा झाला ना पोरगा… हो, हो, ऐकतेय. सगळे रोखच. शंभराच्या नोटा… पाचशेची न्यायचीच नाही? तिथे चालत नाही? बरं. दोघांकडे वाटून. हो… आणि? …माझ्या? माझ्या पाटल्यांचं काय?”

तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“नाही गं. तसलं काही नाही… नाही, विकल्या नाहीत, गहाणही नाहीत. लॉकरमध्येच आहेत… अगं खरंच लॉकरमध्ये, तुझ्यासारखं म्हणायचं म्हणून नाही… हे बरे आहेत, पगार वेळेवर येतो, सगळं नीट आहे… थांब. म्हणून सांगितलंस तू मला हे? माझे हात बघून?”

पद्मिनी म्हणत होती, की गुढीपाडव्यापासून बघतेय. विचारायचा धीर झाला नाही. कुणाला कशात काय विकावं लागतं, ते आता तिला कळत होतं. अनघावरही काहीतरी गुदरलंय, तरी बिचारी हसून खेळून असते, असं तिला वाटायचं. मंडळात तेवढा एक मोकळा हात बघून बरं वाटायचं. आपण एकट्या नाही असं.

अनघानं आपल्या मनगटाकडे बघितलं. तिथे काळ्या पट्ट्याचं नाजूक घड्याळ होतं. संक्रांतीनंतर आठवड्याच्या आत तिनं ते हजरतगंजला जाऊन घेतलं होतं, चार दुकानं फिरून, तसलंच हवं म्हणून. पाटल्या त्याच दिवशी लॉकरमध्ये गेल्या. मे महिन्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि हात असे ओकेबोके का म्हणाल्या, तेव्हा तिनं त्यांना सांगितलं होतं, आता चांगल्या घरच्या बायका असंच घालतात.

“मग का काढल्या म्हणजे…”

कडी सैल झाली होती, असं सांगता आलं असतं. उन्हाळ्यात काचतात, असंही. दोन्ही तिच्या जिभेवर आलं.

“तुझ्या हातात नव्हत्या म्हणून.”

तिनं घड्याळाचा पट्टा एक घर सैल केला.

“…ऐकलंस ना? …मला वाटलं, फॅशन आहे. खूप… खूप छान दिसत होता गं तुझा हात… पद्मिनी? …हसतेस का? …की रडतेस? …दोन्ही काय, एक काहीतरी कर… बरं. हसच… हो. पाटल्या घालूनच जाईन. उद्याच लॉकरमधून काढते… हो, जुईला उकळलेलंच पाणी… नाही, नाही सांगणार. तुझ्या हाताबद्दल कुणी विचारलं तर फॅशनच म्हणेन… ठेव आता. सासूबाई हाका मारत असतील… हो. ठेवते.”

रिसीव्हर ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. एवढं सगळं सांगितलं बाईनं, पण आकडा मात्र शेवटपर्यंत सांगितला नाही.

आतून हर्षवर्धननं विचारलं, काय म्हणाली, किती नेले होते त्यांनी?

“कमी पडले, तेवढे,” अनघा म्हणाली. “ड्राफ्ट काढू नका. आणि लॉकरची किल्ली कुठंय?”