दहा मीटरवरचे श्रोते

मोजणीवाला : तसं नाही हो आजी. नकाशावर तुमची अख्खी वस्ती हिरवी आहे. हिरवी म्हणजे एफेम रेडिओ खणखणीत.

शिलाईवाली : आजी कुणाला म्हणता? माझे केस पिकलेत, तुमचं-माझं नातं नाही जुळलेलं. आणि तुमचा नकाशा एवढा हिरवागार आहे ना, मग त्यालाच बसवा रेडिओ ऐकायला. इथं माझ्या मशीनपाशी एफेम लावला की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी नुसती चरचर.

मोजणीवाला : बरं, मावशी...

शिलाईवाली : मावशी म्हणायला मला सख्खी भाचरं आहेत. ती म्हणत नाहीत, तो भाग वेगळा.

मोजणीवाला : मग बाई म्हणतो. बाई, इथं सही करा. आम्ही रेडिओवाल्यांनी सांगितलं, तुम्ही ऐकलं, एवढाच अर्थ. एक तारखेपासून एएम बंद.

शिलाईवाली : एएम म्हणजे?

मोजणीवाला : तुमचं मिडियम वेव्ह. जुना टॉवर आहे, वीज फार खातो. तेच कार्यक्रम एफेमवर लागतात. काटा इकडचा तिकडे केला, झालं.

शिलाईवाली : लागतात ते तिकडे शहरात. मधे हा डोंगर बसलाय तो काय तुमच्या कागदावर सही करून उठणार आहे? मिडियम बिचारं कसंबसं वळसा घालून येतं तरी. तुमच्या एफेमला पायथ्याशीच धाप लागते. कुठं उभं राहून मोजलंत?

मोजणीवाला : तुमच्याच गल्लीत. गाडीच्या टपावर खांब असतो, तो दहा मीटर वर काढला आणि...

शिलाईवाली : किती?

मोजणीवाला : दहा मीटर. नियमच आहे तसा.

शिलाईवाली : अहो, आमच्या गल्लीत दुसरा मजला नाही! दहा मीटरवर रेडिओ ऐकतं कोण? कावळे? त्यांच्या सह्या घेतल्यात का?

मोजणीवाला : पूर्वी लोक छतावर उंच अँटेना लावायचे, त्या हिशेबानं...

शिलाईवाली : पूर्वी तुम्ही रांगतही असाल. म्हणून आज गुडघ्यांवर आलात का? आणा ते यंत्र खाली. इथं ठेवा, या चिंध्या सारा बाजूला. मी स्टुलावर बसते, माझे कान एवढ्या उंचीवर असतात. मोजा.

मोजणीवाला : ...हं.

शिलाईवाली : हं काय?

मोजणीवाला : काहीच नाही. म्हणजे, एफेम काहीच नाही. पण बाई, फॉर्मात या उंचीला रकानाच नाही.

शिलाईवाली : कावळ्यांना रकाना आहे, मला नाही. वा!

मोजणीवाला : एवढं काय ऐकता तुम्ही?

शिलाईवाली : दुपारचा तो फोनवरच्या गप्पांचा कार्यक्रम. तेवढा एक. बाकीचं आजच बंद केलंत तरी माझी ना नाही.

मोजणीवाला : फार आवडतो वाटतं?

शिलाईवाली : आवडतो? शी! त्यात माझी धाकटी बहीण फोन करते, शहरातून. रोज. पाणीटंचाई असो नाहीतर चंद्रावरचे खड्डे, बाईसाहेबांना मत आहेच. मी ऐकते ती तिच्या चुका काढायला.

मोजणीवाला : मग तिलाच फोन करून सांगायच्या.

शिलाईवाली : नऊ वर्षं बोलणं नाही आमचं. भर लग्नात, चारचौघांत, मी शिवलेल्या कोटाची कॉलर चिमटीत धरून म्हणाली, वाकडी आहे.

मोजणीवाला : होती का?

शिलाईवाली : तुम्ही रेडिओ मोजायला आलात ना? तेवढंच मोजा.

मोजणीवाला : बरं. पण एक नवल वाटलं. गल्लीत सगळ्यांच्या मशीनला मोटर आहे. तुमचं अजून पायानं.

शिलाईवाली : मोटरवर हात बसत नाही माझा.

मोजणीवाला : मोटर लावली की मिडियमवर घरघर येते. माणसाचं बोलणं कळत नाही.

शिलाईवाली : फार हुशार आहात. गप्प बसा आता, आली बया.

(रेडिओवर बाईचा आवाज येतो.)

धाकटी : ...आजचा विषय जुन्या वस्तू, म्हणून सांगते. आमच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, रस्त्याच्या डाव्या बाजूला. तिथं एक भलीमोठी कात्री होती, पितळी मुठीची...

शिलाईवाली : उजव्या! उजव्या बाजूला! आणि मूठ लोखंडी! ऐकलंत? बापाचं दुकान उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवलं.

मोजणीवाला : रोज चुकतात अशा?

शिलाईवाली : रोज. काल म्हणाली, वडील डावखुरे होते. परवा म्हणाली, आधी कॉलर लावायची आणि मग खांदे जोडायचे. शिंप्याच्या पोटी जन्मून! नऊ वर्षांत एक दिवस खाडा नाही.

मोजणीवाला : बाई, ठरवून चुकलं तरच माणूस एवढं नेमानं चुकतो.

शिलाईवाली : ठरवून कशाला कोण चुकेल?

मोजणीवाला : कुणीतरी चिडून दुरुस्त करायला येईल म्हणून.

शिलाईवाली : तुम्ही खांबावरच बरे होतात.

धाकटी : ...हो, थोरली बहीण आहे ना मला. तिला सगळं आठवतं, पण ती डोंगरापलीकडे. तिकडे म्हणे एक तारखेपासून हा कार्यक्रम पोचणार नाही. मग मी तरी कशाला रोज तुमचा फोन अडवू? तोवर बोलते, झालं.

मोजणीवाला : ...बाई? पाणी आणू का?

शिलाईवाली : आज तारीख काय?

मोजणीवाला : वीस.

शिलाईवाली : फॉर्माला समास आहे ना? लिहा त्यात. बसून ऐकणाऱ्या बाईला एफेम शून्य.

मोजणीवाला : वरचे साहेब खोडून टाकतात असलं.

शिलाईवाली : खोडण्याआधी वाचतील ना? लिहा ठसठशीत. मी त्याच्याखाली सही करते, तुमच्या त्या रेघेवर नाही. आणि खिडकीतून बाजूला व्हा जरा.

मोजणीवाला : का?

शिलाईवाली : मोबाइलला रेंज तिथंच येते. नंबर रोज घोकून घेतात, पाठ झालाय मेला. दुकान उजवीकडे होतं आणि मूठ लोखंडी होती, एवढंच सांगणार. वर एक अक्षर नाही. ...हॅलो? हो, कार्यक्रमातच बोलायचंय. ...त्या आत्ता बोलल्या ना, त्यांच्याशी. ...कोण म्हणून सांगू? सांगा, दुरुस्ती आहे.

मोजणीवाला : काय म्हणतात?

शिलाईवाली : माझ्याआधी चारजण आहेत. ...हो हो. थांबते मी.