वेठीची ओळ

खानवेलहून सिल्वासाला निघालेल्या बसमध्ये अश्विनीबाई उद्या शिकवायचा मानवी हक्कांचा धडा चाळत होत्या. पुढच्या सीटवर दोन बायका बोलत होत्या.

"चंदा, तुझी आजेसासू चालायला लागली म्हणे?"

"तीन वर्षं खाटेवर पडून होती, पुतळामावशी. परवा आमची सोनी मोठ्यानं धडा वाचत होती. 'मालक लोकांना वेठीला नेत,' एवढं वाचलं नि म्हातारी ताडकन उठली."

"मग?"

"दारात जाऊन हात जोडून उभी राहिली. म्हणते, 'आले मालक, मारू नका.'"

"अगं बाई. मग वाचणं बंद केलं ना?"

"कशाला? आता अंघोळीला उठवायची झाली, की सोनी तेवढीच ओळ वाचते. लगेच उठते बिचारी."