दामूकाकांच्या गालावरचा व्रण

आमचं घर थळच्या कोळीवाड्यात, समुद्राकडून तिसरं. बाबा बोटीवर, आई मासळी सुकवायची, आणि मी लहानपणापासून दम्याची, सुक्या मासळीच्या वासानं मला धाप लागायची, कोळ्याची पोर आणि बोंबलाला शिंकते म्हणून सगळे हसायचे, काय सांगू तुला बाय. म्हणून बाबांनी मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं, आणि तिथून मी अलिबागला फोटो स्टुडिओत लागले, ती आजपर्यंत तिथंच हाय. मालकांना सगळे नाना म्हणतात. नाना फोटो काढतात आणि मी तो नीट करते. नीट करते म्हणजे, लग्नाच्या पोरीचा मुरूम काढते, कुणाचे डोळे मिटलेले असतील तर दुसऱ्या फोटोतले उघडे लावते, आणि रंग, तो तर सगळ्यांनाच उजळ पायजे. मी एकदा नानांना विचारलं, हे खोटं न्हाय का, तर नाना म्हणाले, अगं फोटो म्हणजे आठवण, आठवणीत कोण डाग ठेवतो. मला ते पटलं. खरं सांगते, पटलं.

आमच्या शेजारी दामूकाका. तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमानं चालायची. डाव्या गालावर मोठा व्रण, कानाखालून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत, जवानीत बोटीवर तार तुटून लागलेली. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून त्या व्रणावरनं बोट फिरवायची, आणि ते म्हणायचे, ही बघ आमच्या घरची वाट. दोन वर्षांमागं त्यांच्या नातीच्या बारशाला काका-काकूंचा जोडीचा फोटो नानांनी काढला आणि मी नीट केला. व्रण काढ असं मला कुणी सांगितलं न्हवतं. मीच काढला, प्रेमानं काढला, आणि त्याच फाईलवर सेव्ह केला, जुना ठेवलाच न्हाय. काकूंना फोटो आवडला. काकांनी बघितला आणि म्हणाले, हिच्या बाजूला हा कोण गं? सगळे हसले. मी पण हसले.

मग काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. आणि गेल्या थंडीत एक दिवस सकाळी, बोटीवर जातो म्हणून निघाले, ते आलेच न्हाय. बोट तर कधीच विकलेली. दुपारी त्यांचा मुलगा रमेश स्टुडिओत आला, म्हणाला, ताई, हरवल्याचा कागद करून दे, सगळ्या ग्रुपवर टाकतो. दुसरा फोटो न्हवताच, आधारवर तर कुणीच ओळखू येत न्हाय. मी तो जोडीचा फोटो काढला, काकूंना कापलं, काकांना मोठं केलं. खाली लिहायला बसले, नाव, उंची, अंगात निळा शर्ट. मग आलं, ओळखीची खूण. आणि बाय, माझी नजर फोटोवर गेली. वर गाल एकदम गुळगुळीत. व्रण लिहावा तर फोटो खोटा पडतो, आणि मागं रमेश उभा, डोळे लाल, नाना ऐकतायत. मी ती ओळच काढून टाकली. कागद छापला आणि त्याच्या हातात दिला. ती भीती अजून इथं छातीत हाय, हात लावून दाखवता आली असती तर दाखवली असती.

तो सगळा दिवस फोन वाजला की मला धाप लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवेना, मी काकूंच्या ओटीवर गेले, रमेश पण होता, आणि सगळं बोलून टाकलं. रमेश उठला, मला वाटलं आता हात उचलतो. काकूंनी भिंतीवरचा फोटो काढला, पदरानं पुसला, म्हणाल्या, रोज मी ह्याच्यावरची धूळ पुसते, मला कसं दिसलं न्हाय. मग म्हणाल्या, चल, व्रण घाल परत.

घालू कुठनं, जुना फोटो तर मीच घालवलेला. काकू स्टुडिओत माझ्या बाजूला बसल्या आणि कॉम्प्युटरच्या काचेवर बोट ठेवलं. इथनं. वाकडा घे. अजून खोल. इथं टाके पडलेले. त्या सांगत होत्या आणि मी काढत होते, आणि सारखं वाटत होतं मीच काकांना मारतेय. खरं दाखवायला मला खोटाच व्रण काढावा लागला. काकू म्हणाल्या, हां, आता आमचा माणूस. आणि पहिल्यांदा रडल्या.

नवीन कागद गेला आणि तासाभरात श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवरनं एका सुपारीवाल्याचा फोन. म्हणाला, हे आजोबा काल संध्याकाळपासून हितंच बसलेले, मी त्यांना चहा पण दिला, तुमचा फोटो मोबाईलवर आलेला, पण ह्यांच्या गालाला एवढं मोठं लागलेलं, म्हणून म्हटलं हे ते न्हाय. रमेशनं विचारलं, आता कुठं हायत? तो म्हणाला, आताच समुद्राकडं गेले.

तोच माणूस दुकान टाकून मागं पळाला, म्हणून काका वाचले. काका कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, भरती चढत होती आणि ते बोटीची वाट बघत होते.

काकांना आठ दिवस ताप होता, मग उतरला. मला कुणी काय बोललं न्हाय, तेच जास्त लागतं. आता मी उजेड कमी-जास्त करते, पण माणसाच्या अंगावरची खूण काढत न्हाय. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून दुसरीकडं जातं, आणि नाना म्हणतात, तू माझं दुकान बंद करणार. करीन कदाचित.

तो नवीन फोटो आता त्यांच्या भिंतीवर हाय. लावला त्या दिवशी काकांनी लांबून बघितला, मग जवळ गेले. मी श्वास धरून उभी, आता परत विचारतात हा कोण. त्यांनी आधी आपल्या गालाला बोट लावलं, मग काचेला, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, पोरी, ह्याला पण लागलंय गं.

मी म्हटलं, व्हय काका, लागलंय. काकूंना सांगून दाराला बाहेरनं कडी घातली आणि मग घरी आले. अजून रोज सकाळी कामावर जाताना ती कडी लागलीय का बघते. देव त्यांना घरात ठेवो.