दोन चकत्या

—नाही नाही, बसा हो, ही जागा कुणाचीच नाही. पिशवी उचलते मी. फक्त एक करा, खेळ त्या टोकाला गेला की मला सांगा, म्हणजे तेवढा वेळ श्वास घेता येईल. या टोकाला आला की सांगू नका, लोक ओरडतात त्यावरून कळतंच. मी बघत नाही. येते दर शनिवारी या बर्फावरच्या हॉकीला, बसते इथेच, पण बघत नाही. ती निळ्या कपड्यांतली, जाळ्यासमोर वाकून उभी आहे ना, ती माझी लारिसा. आता पोटच्या पोरीवर कुणी दगडासारखी टणक चकती भिरकावणार आणि आईनं कॉफी पीत टाळ्या वाजवायच्या? —काय झालं? अडवली? बरं.

बापावर गेलीय. बाप बाहेर आहे, गाडीत. इथले दिवे सोसत नाहीत त्याला, आणि तो भोंगा वाजला की डोकं धरून खालीच बसतो. म्हणून काळा चष्मा लावून गाडीत. ओरेस्ट वोलोशिन. ऐकलंय नाव? बघा! तुमच्या वयाच्या लोकांना अजून आठवतो. पेरोगी घ्या, उकडलेल्या करंज्यांसारखे असतात, घरचे आहेत, बटाट्याचे. घ्या हो.

त्याला काही हौस नव्हती. तीन मोठे भाऊ, तिघांनाही गोल मारायचा, मग गोलात कोण उभं राहणार? धाकटा! तळं गोठलं की याच्या पायांना गादीचे तुकडे बांधायचे आणि ढकलायचे पुढं. रडत रडत उभा राहिला आणि तिथंच जीव जडला. मिसरूड फुटायच्या आत घर सोडलं, परक्यांकडे राहून खेळला. आमचं लग्न झालं तेव्हा दुय्यम संघात होता—आज या गावात, उद्या त्या गावात, माझा सगळा संसार संघाच्या बसगाडीला हात हलवण्यात गेला. मग मोठ्या संघानं घेतलं, पण राखीव म्हणून. राखीव गोलकीपर काय करतो माहितीये? बाकाच्या टोकाला बसतो आणि बाकीच्यांना बर्फावर जायचं दार उघडून देतो. वर्षानुवर्षं दारच उघडलं माझ्या नवऱ्यानं.

आणि एका हिवाळ्यात पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला. काय खेळला म्हणून सांगू! इथं गावात सामन्याच्या दिवशी पाद्रीबाबा प्रवचन आटोपतं घ्यायचे. तेव्हा मी बघायची हो, डोळे फाडफाडून बघायची.

वसंतात, बाद फेरीत, चकती सरळ मास्कवर बसली. पडला, उठला, उरलेला सामना खेळला. घरी आला तो न्हाणीघरात, नळ सोडून ओकत होता, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, डॉक्टरांना सांग. म्हणाला, "डोरीन, बाकावर एक पोरगा बसलाय, दात विचकून. मी हललो की तो माझ्या जागी आलाच म्हणून समज." मी म्हटलं, निदान उद्याचा दिवस. "उद्या दार कोण उघडणार? मीच ना?" हात जोडले, रडले, बूट लपवले त्याचे. दुसऱ्या दिवशी गेलाच. आणि चकत्या दोन दिसायला लागल्या. नंतर हसून सांगायचा, "मी आपला दोन्हींच्या मधोमध हात घालत होतो." धडाधड गोल झाले. जे लोक त्याच्या नावानं नाचले, त्यांनीच हुर्यो केली. मग खालचा संघ, मग जर्मनी, मग स्लोव्हाकियात कुठंतरी, मग घर. परवा पोस्टात गेला तर घर कुठं ते आठवेना. पोस्टातल्या बाईनं फोन केला मला.

—ओरडले का? चकती बाहेर गेली? बरं बरं.

आणि या पोरीला तर कुणी गोलात ढकललंही नाही. मागच्या शनिवारी चकती कपाळावर लागली. कोचला अवाक्षर नाही. आठवडाभर पडदे ओढून पडलेली, सूपसुद्धा पोटात ठरेना. मला म्हणते, "आई, कुणाला बोललीस तर बघ. शनिवारी अमेरिकेतून विद्यापीठाच्या बाई येणारेत, त्यांच्या संघासाठी माझा खेळ बघायला. एकदाच येतात त्या." मग बापाला सांगितलं, म्हटलं तुझं ऐकेल ती. तर त्याला वाटलं मी त्याचंच सांगतेय. माझा हात धरला आणि म्हणाला, "डॉक्टरांना बोलू नकोस हं." आता सांगा, या घरात मी कुणाशी बोलू?

म्हणून तुमच्याशी. परक्या माणसाशी बरं असतं. तुमची कोणती? लाल कपड्यांतली? —नाही? कुणीच नाही? मग एवढ्या थंडीत इतक्या लांब—

कुठून म्हणालात? मिनेसोटा? म्हणजे अमेरिकेतून?

अहो बाई. —अहो, मी आपली बडबडते, गावात विचारा कुणालाही. ते सूपच आंबलं होतं. पोरगी ठणठणीत आहे. बघा ना कशी उभी आहे— डोळे चोळतेय? घाम असेल, मास्कमध्ये घाम येतो. उठू नका ना. कुणाकडे निघालात? आमच्या कोचकडे? थांबा हो, पाया पडते. तिनं लहानपणापासून दुसरं काही मागितलं नाही. मी सांगितलं असं कळलं तर जन्मात तोंड बघणार नाही माझं. तुम्ही बसा, हा एक सामना होऊ द्या, मग—

खेळ इकडे आलाय, नाही का?

तिला चकत्या किती दिसतायत, ते मला काय माहीत! मला कशाला विचारता? मला कुणी विचारलंय का आजवर! माझा हात सोडा. जा. आधी जा, जिन्यानं नको, इकडून जवळ आहे— धावा हो, धावा!