पाटीमागचा थेंब

सखूबाई : पुसू का आता?

सूर्यभान : थांब, मुरू दे. शाईचा थेंब पाटीच्या मागच्या अंगालाच टाकलास ना?

सखूबाई : मग? रामकिसनच्या नावावर टाकीन व्हय? लेकरू गेलं, आता नाव तेवढं हाय.

मुंजाबा : ॲल्युमिनियम शाई पितं व्हय रे, सूर्या? आमच्या एडक्यानं एकदा पाचोडच्या तलाठ्याची दौत पेली होती. त्या साली समदी कोकरं निळी झाली. निळ्या लोकरीचं घोंगडं मी स्वतः पांघरलंय.

सखूबाई : मामा, मागल्या खेपेला हिरवी म्हणाला होता.

मुंजाबा : हिरवी पैठणकडं. ती शाई येगळी.

सूर्यभान : बा, ॲनोडाइज केल्यावर, म्हंजी तेजाबात वीज सोडून थर चढवल्यावर, पत्र्याला बारीक भोकं राहतात. अक्षरांचा काळा रंग त्यात बसतो. मग उकळत्या पाण्यात ठेवून त्यांची तोंडं बुजवायची. बुजली असली तर शाई पुसली जाती. नसली तर आत शिरती. अन् शाई जिथनं आत जाती तिथनंच उन्हानं रंग भाहेर जातो.

सखूबाई : पुसते. ... निघंना.

सूर्यभान : साबण लाव.

सखूबाई : लावला की. परवाबी असंच. म्हणून तर घरच्या पातेल्यात पुन्हा उकळली.

सूर्यभान : घरी उकळली तव्हा लई उशीर झाला होता. आधी कंपनीत उकळत्या पाण्याच्या टाकीत सोडली अन् लाईट गेली. पाणी कोमट झालं. तिथंच चुकलं समदं.

सखूबाई : दुसरी करा.

सूर्यभान : कुठं? कंपनीतलं आमचं खातं बंद झालं, सखू. काल टाक्या उपसून टेम्पोत घातल्या. उद्यापासून गेटवरबी घेणार नाहीत.

सखूबाई : उद्याच हौदावर बसवायची हाय. पाचोडच्या माळावर एक झाड नाय. मेंढरं तहानेली दिसली की जेवायचा नाय माझा रामकिसन, म्हणून त्याच्या नावानं हौद बांधला. अन् त्यावर नावच...

सूर्यभान : गप. रडू नको.

सखूबाई : मामा, तुमी सांगा. किती टिकल नाव? तुमच्या निळ्या कोकरावाणी सांगा. मी खरं धरते.

(मुंजाबा पाटी उलटी करून डागावरून अंगठा फिरवतो.)

सूर्यभान : बोल की बा. एरवी तुझं तोंड थांबत नाय.

मुंजाबा : दोन उन्हाळे, पोरी.